दिवे विझवू नका

खांब पडला तेव्हा वन्संना दुकान बंद करून घरी बसल्याला जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांत त्यांनी घरातलं सगळं दुरुस्त करून टाकलं होतं. मिक्सर, इस्त्री, दाराची घंटा, शिवाय एक पंखा, जो मुळात बिघडलेलाच नव्हता. दुरुस्तीला काही उरलं नाही तेव्हा त्या माझ्या स्वयंपाकाकडे बघायला लागल्या. त्यामुळे खरं सांगायचं तर झाड कोसळून खांब आडवा झाला, घरातले दिवे गेले, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की चला, वन्संना काहीतरी काम मिळालं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वय अडुसष्ट. चौतीस वर्षं त्यांनी बसथांब्यामागच्या गल्लीत जळलेल्या मोटारी भरून दिल्या. मोटार जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार वेढा वेढा मोजून भरायची, वर वॉर्निश ओतायचं. ते वेढे मोजत असताना मध्ये कोणी बोललं तर वन्सं आकडा विसरायच्या आणि मग त्या माणसाची मोटार आठवडाभर रांगेत शेवटी जायची. लोक दाराशी येऊन आधी ओठ हलताहेत का ते बघायचे. सगळे त्यांना वाइंडिंगबाई म्हणत. मूळ नाव विचारलं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

दुसरं माणूस म्हणजे आमचे हे, वन्संचे धाकटे भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे छापण्याआधी चुका काढायच्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण चुका काढणं काही सुटलं नाही. आणि दुसरी एक सवय त्याहून जुनी होती. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की बंद करायचा. माणूस असलेल्या खोलीतलाही करायचे. मी शिवत असताना, सुईत दोरा ओवत असताना, कितीदा तरी माझ्या डोक्यावरचा दिवा टक्कन गेलाय.

आमचं घर गल्लीच्या टोकाला, पाटाच्या पलीकडे आहे. पाट म्हणजे जुन्या गिरणीसाठी कोणे एके काळी काढलेला दगडी कालवा. गिरणी माझ्या लग्नाच्याही आधी बंद पडली, पाणी मात्र वाहतच राहिलं. घरापुढच्या छोट्या पुलाखालून पाट वळसा घेऊन मागे येतो. मागच्या दाराच्या सात पायऱ्या उतरलं की तो लागतो, आणि तिथेच पाणी दीड हात खाली उडी घेतं. पाटाच्या पलीकडे एकटं आमचंच घर. सगळं दुखणं इथंच होतं. पडलेल्या खांबावर एकच घर अवलंबून होतं.

वीज कचेरीत खिडकीवरचा कारकून म्हणाला, आठ दिवसांत खांब उभा राहील. आठ दिवसांनी म्हणाला, खांब आहे पण गाडी नाही. मग गाडी आली तर खड्डा खणणारे नव्हते. महिना झाला तेव्हा त्याने विचारलं, की तुम्ही पाटाच्या अलीकडे राहायला का येत नाही. वन्सं घरी आल्या, चपला काढल्या, आणि मागच्या पायरीवर जाऊन पाण्याकडे बघत बसल्या. तासाभराने आत येऊन म्हणाल्या, "तो पंखा काढा."

ज्या पंख्याचं काही बिघडलं नव्हतं, तोच.

पहिलं चाक त्यांनी सायकलच्या दोन रिमांमध्ये पत्र्याचे डबे बसवून केलं. पाण्यात धरलं तर काय सुंदर फिरलं. पंख्याची मोटार जोडली आणि जागच्या जागी थांबलं. रिकामं चाक कोणीही फिरवेल, ओझं घेऊन फिरलं तर खरं, असं वन्सं म्हणाल्या, पण म्हणताना हातातला पाना त्यांनी जरा जास्तच जोरात ठेवला. दुसरं चाक लाकडी फळ्यांचं, माझ्या खांद्याएवढं उंच. ते ओझं घेऊन फिरलं, पण पट्टा ओला झाला की घसरायचा, आणि पाण्याशेजारी तो ओला होणार नाही तर काय होणार. वन्संनी पट्टा बदलला, मग त्याला डांबर लावलं, मग पट्टाच काढून टाकला आणि पंखा सरळ चाकाच्या दांड्यावर चढवला.

पंख्याचं पोट त्यांनी पार बदललं होतं. आतली बारीक तार काढून जाड तार भरली, फिरणाऱ्या भागावर भंगारवाल्याकडून आणलेली लोहचुंबकं चिकटवली. ते काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाललं होतं. सहा दिवस माझे चमचे, सुया, टाचण्या, कात्री, सगळं त्या पंख्याला जाऊन बिलगायचं. मी एकदा कढई जवळ नेली आणि ती हातातून सुटून गेली. मी काही बोलणार तेवढ्यात दिसलं की वन्संचे ओठ हलताहेत. मी कढई तिथेच सोडून बाहेर आले.

ह्या सगळ्या काळात आमचे हे तिसऱ्या पायरीवर उभे राहून चुका काढत होते. फळ्या तिरक्या आहेत. खिळे उलट्या बाजूने मारलेत. चाक डावीकडे झुकतंय. पाण्याला त्यांनी बोटही लावलं नाही, कारण त्यांना पोहता येत नाही. पाट गुडघाभर खोल आहे, तिथे बुडायला माणसाने आडवं झोपावं लागेल, हे वन्संनी त्यांना बऱ्याचदा सांगितलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी, खांब पडून त्रेपन्न दिवस झाले होते तेव्हा, दिवे लागले. वीज कमी दाबाची होती, म्हणून वन्संनी मोटारगाड्यांचे बल्ब लावले होते. ओट्यावर एक, माझ्या मशीनवर एक, ह्यांच्या खुर्चीशी एक, आणि पडवीत एक. पिवळट, किंचित थरथरणारा उजेड. मी इतके दिवस खिडकीशी मान वाकडी करून पडदे शिवत होते, माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. वन्सं पायरीवरून वर आल्या, चारही बल्बांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थरथरतंय."

हे पडवीतून आत आले आणि येताना सवयीने पडवीचा दिवा बंद केला.

आतले तिन्ही दिवे एकदम लख्ख झाले. हे खूश झाले, म्हणाले, बघ, एक बंद केल्यावर बाकीच्यांना जास्त मिळाली. आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी माझ्या मशीनवरचाही बंद केला, कारण मी तेव्हा उभी होते. उरलेले दोन बल्ब पांढरेशुभ्र पेटले, टिक टिक असा आवाज झाला आणि घरभर काळोख.

काळोखात वन्संचा आवाज आला. "सोन्या, बटणाला कोणी हात लावला?"

त्या ह्यांना सोन्या म्हणाल्या की समजायचं, वेळ वाईट आहे.

त्यांनी समजावलं. चाकावर दिव्यांचं ओझं आहे म्हणून ते सावकाश फिरतं. दिवे काढले की ओझं कमी होतं, चाक सुसाट सुटतं, वीज वाढते, आणि उरलेले बल्ब जळून जातात. तेव्हा चारही दिवे कायम लावलेले हवेत. कायम म्हणजे कायम. दिवसासुद्धा.

हे म्हणाले, "दिवसा दिवे? वाया घालवायची वीज?"

"पाणी तुला विचारून वाहतंय का?"

पण साठ वर्षांची सवय. सांगून पालथ्या घड्यावर पाणी. दोन आठवड्यांत अकरा बल्ब गेले. वन्संनी प्रत्येक बटणावर कागद चिकटवले, ‘दिवे विझवू नका’. ह्यांनी ते कागद बघून अक्षरं सारखी नाहीत म्हणून सांगितलं आणि, देवाशप्पथ, ते सांगत असतानाच बोट बटणावर होतं. शेवटी वन्संनी बटणंच काढून टाकली आणि तारा सरळ जोडल्या. ह्यांची बोटं पुढे कित्येक दिवस भिंतीवरच्या भोकांशी जाऊन थांबायची.

माझी अडचण वेगळीच. माझ्या मशीनला वन्संनी गाडीच्या वायपरची मोटार बसवून दिली होती. मी पायाने दाबलं की मशीन चाले आणि घरभरचे दिवे मंद होत. पाय उचलला की परत फुलत. मी पडदा शिवत असले की ह्यांना वाचता येईना. ओळीच्या मध्यावर अंधार, टीप संपली की उजेड. मग ते तिकडून म्हणायचे, जरा छोट्या टिपा घाल. वन्सं मागून ओरडायच्या, मोठ्या टिपा घाल, सारखं चालू-बंद करू नको, चाक बिथरतं. पाटाच्या पाण्याबरोबर पानं यायची, जाळीत अडकायची, चाक रोज सकाळी दमायचं. वन्सं उठल्या उठल्या दाताळं घेऊन खाली. परत येताना कपडे ओले, तोंड आंबट. सुखाचं म्हणावं असं त्या विजेत फारसं काही नव्हतं. पण वीज होती.

अशा एका दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन, वीज कचेरीचा एक तपासनीस आला. मी एकटीच घरात होते. तो गल्लीतून चालत आला, पुलावर थांबला, पडवीत लावलेल्या दिव्याकडे बघितलं, दारातून आत डोकावून बाकीचे दिवे मोजले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मी हात पुसत बाहेर येईपर्यंत परत पुलावर पोचलासुद्धा. मी हाक मारली. त्याने हात वर करून, ठीक आहे ठीक आहे, असं केलं.

चार दिवसांनी पत्र आलं. आपल्या तक्रारीचं निवारण झाल्याचं प्रत्यक्ष पाहणीत आढळून आल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

वन्संनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला बरोबर घेतलं आणि कचेरीत गेल्या. खिडकीवर तोच कारकून. त्याने फाइल काढली, पाहणीचा कागद आमच्याकडे फिरवला. "बाई, भर दुपारी चार-चार दिवे लावून बसता. आणि म्हणता वीज नाही?"

वन्सं म्हणाल्या, ती आमची वीज आहे, पाण्याच्या चाकाची. तो म्हणाला, विजेला काही आमची-तुमची नसते. त्या म्हणाल्या, खांब कुठाय ते दाखवा. तो म्हणाला, कागदावर दिवे लागलेत, खांब असल्याशिवाय दिवे कसे लागतील, म्हणजे खांब असणार. वन्संनी विचारलं, दिवे बंद करून ठेवले असते तर? तो म्हणाला, तर वीज नसल्याची नोंद झाली असती. चौतीस वर्षं जळक्या मोटारींशी झगडलेली बाई, पण त्या खिडकीपुढे तिने हात टेकले. परत येताना पुलावर थांबून म्हणाल्या, "चाक बंद करते. बसू अंधारात. येऊ देत परत बघायला."

हे पडवीत होते. त्यांनी, बंद करू नकोस, म्हटलं. आता ह्यावर काय म्हणायचं? ज्या माणसाने अकरा बल्ब जाळले तो म्हणतोय बंद करू नकोस. वन्सं तशाच रागात पायऱ्या उतरल्या. पाणी वळवायची फळी उचलायला वाकल्या, आणि शेवाळावरून पाय सरकला. आपटल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणाले. वन्संनी त्यांना विचारलं, डावा चालेल का. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे मंद व्हायला लागले. जाळीत पानं साठली होती. फळी तशीच अर्धवट राहिल्यामुळे चाक चालूच होतं, आता मात्र कण्हत होतं. वन्सं पायरीवर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर, दाताळं डाव्या हातात, आणि तोंड असं की जवळ जायची सोय नाही. मी चहा घेऊन गेले तर हे आधीच त्यांच्या शेजारी उभे. तिसऱ्या पायरीवर नाही, पाचव्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ह्यांची आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वन्संनी नववीतून शाळा सोडली, एका मोटार भरणाऱ्याकडे तार कापायच्या कामाला लागल्या आणि भावाला शिकवलं. हे मी लग्नानंतर शेजाऱ्यांकडून ऐकलं. दोघांपैकी कोणी कधी त्याबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

हे म्हणाले, "ताई, तू शाळा सोडलीस तेव्हा मी तुला काही विचारलं नाही."

वन्सं पाण्याकडेच बघत होत्या. "तू लहान होतास."

"आता बासष्टचा आहे. आता विचारतो. काय करायचं ते सांग."

वन्संनी दाताळं त्यांच्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "आधी पँट गुडघ्याच्या वर घे."

हे पाण्यात उतरले. पाण्याने घोटा गाठल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले, तसेच मिटून उभे राहिले. वन्सं वरून, डोळे उघड, डोळे उघड, म्हणत राहिल्या. मग सुरू झालं. जाळी उजवीकडून साफ कर. उजवीकडून म्हणजे तुझ्या उजवीकडून. पानं परत पाण्यात टाकू नको. अरे, पानं परत पाण्यात टाकू नको. ह्यांनी दाताळं एकदा चाकातच घातलं, एक फळी तुटली, आणि ती तुटल्यावर, मी सांगत होतो खिळे उलटे आहेत, असं म्हणाले. मला वाटलं वन्सं आता प्लास्टरच्या हातानेच मारतील. पण त्या म्हणाल्या, "मग मार सुलटे."

सहा आठवडे हे असं रोज चाललं. मी सुईत दोरा ओवत दोघांची भांडणं ऐकायचे. ह्यांना पंधरा दिवसांत चाकाचा आवाज ओळखता यायला लागला. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, वरचं बेअरिंग कोरडं झालंय. आणि खरंच झालेलं असायचं, ह्याचा वन्संना आनंद होत होता की राग येत होता ते कळत नव्हतं.

त्याच काळात ह्यांनी कचेरीला पत्र लिहिलं. चार दिवस लिहीत होते. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांत चुका काढल्या, आता आपलं वाक्य बिनचूक हवं. शेवटी पत्र दीड पानाचं झालं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. तपासनिसाच्या अहवालाची नक्कल मिळवून त्यातली सहा विधानं क्रमाने घेतली होती आणि प्रत्येकापुढे फक्त काय चुकलं ते. ‘दिवे चालू आहेत’, बरोबर. ‘त्याअर्थी पुरवठा सुरू आहे’, त्याअर्थी नाही. ‘प्रत्यक्ष पाहणी केली’, पुलावरून. पत्र त्यांनी खिडकीवर दिलं नाही, वरच्या मजल्यावर अभियंत्याच्या टेबलावर ठेवून आले.

अभियंता म्हणजे तिशीतली एक बाई. ती स्वतः आली. पडवीतल्या दिव्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "हा बंद केला तर बाकीचे जातात का?"

वन्सं खुर्चीतून उठल्या. इतक्या महिन्यांत घरात किंवा बाहेर कोणी त्यांना नेमका प्रश्न विचारला नव्हता. त्या बाईला घेऊन त्या खाली गेल्या आणि दोघी दीड तास वर आल्या नाहीत. अभियंतीण बूट काढून पाण्यात उभी होती. जादा झालेली वीज आपोआप बादलीतल्या कॉइलमध्ये वळवायची, म्हणजे पाणी तापेल आणि दिवे वाचतील, असं तिने सुचवलं. वन्सं म्हणाल्या, तेच करणार होते, हात मोडला. मला माहीत नाही ते खरं होतं का. पण त्या आठवड्यात त्यांनी ह्यांच्याकडून ते करवून घेतलं, आणि भिंतीवरच्या भोकांत बटणं परत आली.

खांब नऊ दिवसांत उभा राहिला. पाच माणसं आली, सकाळी खड्डा खणला, दुपारी तारा ओढल्या. दोनशे सात दिवस जे होत नव्हतं ते जेवणाच्या सुट्टीसकट सहा तासांत झालं. माझं मशीन पूर्वीसारखं चालायला लागलं. मी लांबच लांब टीप घातली, एकही दिवा मंद झाला नाही, आणि मला जरा चुकल्यासारखं वाटलं, हे कोणाला सांगितलं नाही.

चाक काढायचा विषय निघाला तो कचेरीमुळेच. घरी वीज तयार करणाऱ्यांनी नोंद करायला हवी, नाहीतर चाक काढायला हवं, म्हणून तिथून एक अर्ज आला, चार पानी. चाकाचा व्यास, पाण्याचा वेग, तारेची जाडी, हे वन्संनी डाव्या हाताने वाकड्या अक्षरांत भरभर भरलं. एका रकान्याशी थांबल्या. ‘निर्मितीचा उद्देश’. हे म्हणाले, घरगुती वापर लिही. वन्संनी जरा विचार केला आणि लिहिलं, ‘वैताग’.

ह्यांनी चष्मा लावून तो शब्द बराच वेळ बघितला. मग अर्ज घडी करून पाकिटात घातला. महिन्याभराने शिक्का मारून प्रत परत आली. तो रकाना कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

त्या अभियंतिणीने मात्र आमचा पत्ता कोणाकोणाला दिला. नदीच्या वळणावर एकटा राहणारा नर्सरीवाला आला, त्याच्याकडे तार पोचतच नाही. वन्संनी त्याला पायरीवरूनच हाकलला, म्हणाल्या, मी काही चाकं विकत नाही. तो पुलापर्यंत पोचला तेव्हा हाक मारून परत बोलावला, कारण त्याच्या ओढ्याला उतार किती आहे ते विचारायचं राहिलं होतं. त्याने हाताने दाखवलं, इतका. वन्संनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, इतका म्हणजे किती, मोजून या, आणि उन्हातून आलात तर आधी पाणी प्या.

परवापासून त्या आणि हे तिकडेच आहेत. आज दुपारी तिथून फोन आला. मागे पाण्याचा आवाज, आणि त्यात वन्सं कोणाला तरी सांगत होत्या की उजवीकडून, तुझ्या उजवीकडून. हे म्हणाले, अजून दोन दिवस लागतील, नर्सरीवाल्याने फळ्या ओल्याच कापल्यात. मी विचारलं, जेवलात का. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी फोन पाण्यात पडला.